फोटोंचे डबल आपोआप निघतात का? शोधता येतात, पुसायचं काम मात्र स्वतःकडे ठेवा

तुमचा प्रश्न असा: दोन फोन, एक विंडोज लॅपटॉप आणि जुन्या हार्डडिस्क मिळून चाळीस हजारांवर फोटो आहेत, त्यातले निम्मे तरी डबल, तर हे आपोआप साफ होत राहील अशी सोय करता येईल का.

येईल. आमच्या घरी ती चालू आहे. मुरुडला (दापोलीचं, जंजिऱ्याचं नव्हे) आमची नारळी-पोफळीची वाडी आहे. गणपतीत मुंबईची मंडळी आली की घरात पंधरा फोन होतात. आरती एकच, पण फोटो पंधरा जणांचे, आणि ते सगळे सगळ्यांना पाठवायचे. गौरी जाईपर्यंत एकाच मोदकाच्या ताटाचा फोटो माझ्याकडे सहा वाटांनी आलेला असतो.

आधी माझी फजिती सांगतो, म्हणजे पुढचं का सांगतोय ते कळेल. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं आणि आमच्या निम्म्या पोफळी आडव्या झाल्या. पंचनाम्यासाठी मी वाडीचे शेकड्यांनी फोटो काढले आणि त्यातले बरेचसे व्हॉट्सॲपवर नातेवाइकांना पाठवले. पुढे एकदा सगळं एका डिस्कवर गोळा करून डबल शोधणारं सॉफ्टवेअर लावलं आणि त्याला नियम दिला: सारखे दिसणारे दोन फोटो असतील तर जुना ठेव, नवा उडव. तारीख पाहायला सांगितली फाइल तयार झाल्याची. पण विंडोजमध्ये फाइल कॉपी केली की तयार झाल्याची तारीख कॉपी केल्या दिवसाची पडते. व्हॉट्सॲपचं फोल्डर मी आधी कॉपी केलं होतं, कॅमेऱ्याचं नंतर. म्हणजे यंत्राच्या लेखी व्हॉट्सॲपची कॉपी जुनी आणि मूळ फोटो नवा. मूळ फोटो गेले. रीसायकल बिनही मीच रिकामा केला, जागा हवी म्हणून. बाबा पडलेल्या पोफळींत उभे आहेत तो फोटो आहे अजून, पण मूळ फोटोत त्यांच्या हातातल्या कोयत्याची मूठ दिसायची. आता तिथे नुसता तपकिरी डाग आहे. यात सॉफ्टवेअरची चूक नाही, त्याने सांगितलं ते केलं.

तेव्हा डबलचे दोन प्रकार आधी वेगळे करा. एक म्हणजे तंतोतंत तीच फाइल दोन ठिकाणी. ही ओळखायला हॅश वापरतात: फाइलमधल्या सगळ्या बाइट्सवरून काढलेली खूण. शा-256 ही हॅश काढायची एक पद्धत, तिची खूण 64 अक्षरी असते. एक बिट बदलला तरी ती पार वेगळी येते, म्हणून दोन खुणा जुळल्या तर फाइल तीच, खुशाल समजा. दुसरा प्रकार म्हणजे एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं असे फोटो: मूळ आणि व्हॉट्सॲपने दाबून लहान केलेला, किंवा आयफोनचा हाइक (HEIC, आयफोन फोटो साठवतो तो फाइलचा प्रकार) आणि त्याचाच जेपेग (नेहमीचा JPG). डोळ्यांना एकच, पण फाइल म्हणून वेगळे, त्यामुळे हॅश इथे काही कामाचा नाही.

पहिल्या प्रकाराचं काम पूर्ण आपोआप होतं. मी पायथन या संगणकभाषेत छोटी स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणाऱ्या सूचनांची फाइल, केली आहे. सगळे फोटो आधी ‘आवक’ नावाच्या फोल्डरमध्ये पडतात. स्क्रिप्ट प्रत्येकाच्या एक्झिफमधून (कॅमेऱ्याने फोटोच्या फाइलमध्येच लिहिलेली माहिती) फोटो काढल्याची तारीख-वेळ घेते, पुढे हॅशची पहिली आठ अक्षरं जोडते आणि तेच फाइलचं नाव ठेवून वर्षाच्या फोल्डरमध्ये हलवते. गंमत अशी की तीच फाइल पुन्हा आली तर नावही तेच तयार होतं. नाव आधीच असलं की स्क्रिप्ट दोन्हींचा पूर्ण हॅश ताडून नवीन आलेली ‘डबल’ फोल्डरमध्ये टाकते. संग्रह पुन्हा पुन्हा चाळावा लागत नाही, दारातच अडवणूक होते. मात्र एक पथ्य: संग्रहात गेलेला फोटो फिरवू नका, त्यात टॅग लिहू नका. फाइल बदलली की हॅश बदलतो, मग तोच फोटो पुन्हा आला तर नाव जुळलं तरी हॅश जुळणार नाही.

विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवायची सोय) ही स्क्रिप्ट रोज रात्री दोनला लावली आहे. त्यात ‘ठरलेली वेळ चुकली तर जमेल तेव्हा लगेच चालव’ अशा अर्थाची एक खूण असते, ती नक्की करा. आमच्याकडे पावसाळ्यात रात्री दोनला वीज असेलच असं नाही.

स्क्रिप्ट लिहायची नसेल तर डुपगुरू किंवा चकाफ्का घ्या, दोन्ही फुकट आहेत. (चकाफ्का हा पोलिश शब्द, अर्थ उचकी. स्पेलिंग सी-झेडने सुरू होतं, नाहीतर शोधून सापडणार नाही.) दोन्हींत एखादं फोल्डर ‘रेफरन्स’ म्हणून ठरवता येतं, त्यातलं काही पुसलं जात नाही. मूळ फोटोंचं फोल्डर रेफरन्स करा. मला हे तेव्हा माहीत असतं तर कोयता वाचला असता.

सारखे दिसणारे फोटोही हीच सॉफ्टवेअरं शोधतात. सगळ्यात साधी पद्धत अशी: फोटो आठ बाय आठ चौकटींचा, करडा करायचा, सरासरी उजेड काढायचा आणि प्रत्येक चौकट त्याहून उजळ की काळी एवढं लिहायचं. 64 उत्तरं. दोन फोटोंची बहुतेक उत्तरं जुळली की ते सारखे. आता किनाऱ्यावरच्या माणसाची अडचण बघा. समुद्रावरचा सूर्यास्त म्हणजे वर उजेड, खाली अंधार. ही पद्धत माझे 2017 पासूनचे सगळे सूर्यास्त एकच फोटो समजली होती. घरच्या जत्रेतले एकामागोमाग काढलेले फोटोही तसेच: एकात आजी हसते, पुढच्यात डोळे मिटलेले. म्हणून फरकाची मर्यादा अगदी कमी ठेवा, आणि जे सापडेल ते फक्त ‘बघायचे’ फोल्डरमध्ये हलवा. ठेवायचा कुठला हे ठरवताना तारखेकडे बघू नका, पिक्सेल किती आणि एक्झिफ शाबूत आहे का ते बघा. व्हॉट्सॲप फोटो म्हणून पाठवलं की कॅमेऱ्याची माहिती काढून टाकतं, त्यामुळे ती कॉपी लगेच ओळखू येते. अँड्रॉइड फोनवर नावातही ‘डब्ल्यूए’ (WA) असतं.

घरच्यांना मी एवढंच शिकवलं: ग्रुपवर पाठवायचा तर पाठवा, पण मला पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मग मूळ फाइल जशीच्या तशी येते आणि स्क्रिप्टला हॅश जुळवता येतो. मावशीला समजायला दोन गणपती लागले. शिवाय फोनमधलं ऑटो-डाउनलोड बंद ठेवलंय, सुप्रभातवाली फुलं तिथेच थांबतात.

सुरुवात करताना सगळ्या डिस्कची एक जशीच्या तशी कॉपी वेगळ्या डिस्कवर घ्या आणि ती काढून ठेवा. क्लाउडशी सिंक केलेलं फोल्डर म्हणजे बॅकअप नव्हे, इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं. मग हॅशवाले डबल काढा. निम्मा पसारा बहुधा इथेच जाईल. ‘डबल’ फोल्डर मी तीन महिन्यांनी हाताने रिकामं करतो. ‘बघायचे’मध्ये सध्या साडेचारशे सूर्यास्त पडून आहेत, त्यांना हात लावायला वेळ झालेला नाही.

तुमच्या फोनांपैकी एखादा आयफोन असेल तर कळवा. आयओएस 16 पासून त्याच्या फोटो ॲपमध्ये डुप्लिकेट्सचा अल्बम आपोआप तयार होतो, तेवढं काम फोनवरच उरकता येईल.