स्विफ्ट पेट्रोलला कोल्ड एअर इंटेक बसवावा का, आणि कोणता?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०१९ची स्विफ्ट, १.२ लिटर पेट्रोल, मॅन्युअल, बाकी सगळं कंपनीचं. रोजचं फिरणं पुण्यात, अधूनमधून घाट उतरून कोकणात. कोल्ड एअर इंटेक, म्हणजे इंजिनाला बाहेरची थंड हवा देणारा किट, बसवायचाय; उघड्या कोन (शंकूच्या आकाराच्या) फिल्टरचा स्वस्त घ्यावा की बंद डब्याचा महाग, पॉवर किती वाढेल आणि ॲव्हरेज सुधारेल का?

आधी निकाल सांगतो, कारणं नंतर. उघडा कोन अजिबात घेऊ नका. तुमच्या गाडीसाठी माझा पहिला सल्ला म्हणजे कंपनीचा फिल्टर बॉक्स तसाच ठेवणं, त्यात चांगला पॅनेल (सपाट) फिल्टर घालणं आणि हवा आत घेणारं पुढचं नळकांडं (स्नॉर्केल) जागेवर नीट बसलंय ना, ते पाहणं. बंद डब्याचा पूर्ण किट घ्यायचाच असेल तर मोजमाप करून मगच पैसे घाला.

बोनेट उघडा आणि फिल्टर बॉक्सपासून पुढे हात फिरवत जा. नळकांड्याचं तोंड कुठे उघडतंय ते बघा. आजच्या बहुतेक गाड्यांत ते रेडिएटरच्या वरच्या पट्टीजवळ किंवा हेडलाइटमागे, बाहेरची हवा मिळेल अशाच जागी असतं. म्हणजे कंपनीने थंड हवेची सोय आधीच केलेली असते. ते काढून इंजिनाशेजारी उघडा कोन लावला की इंजिन बोनेटखालची तापलेली हवा ओढायला लागतं. हिशोब करून बघा. बाहेर ३५ अंश असेल आणि सिग्नलला उभ्या गाडीत बोनेटखाली ६८ अंश, तर हवा जवळपास १० टक्क्यांनी विरळ होते. ढोबळ नियम असा की तापमानात दर ३ अंश वाढीला घनता १ टक्क्याने घटते. पॉवर अगदी त्याच प्रमाणात पडत नाही, पण गरम हवेमुळे नॉकिंगची (पेट्रोल अवेळी पेटून इंजिन ठोकण्याची) शक्यता वाढते आणि ईसीयू (इंजिनाचा संगणक) इग्निशन टायमिंग (ठिणगीची वेळ) मागे घेतो, तो फटका वेगळा. मग लोकांना गाडी ‘खुलली’ असं का वाटतं? आवाजामुळे. कंपनीच्या डब्यात आवाज शोषण्यासाठी मुद्दाम ठेवलेले कप्पे असतात. ते गेले की ॲक्सिलरेटर दाबल्यावर घुरघुर थेट कानावर येते आणि गाडी जोरात पळतेय असं वाटतं.

आता मोजमाप. दोनच गोष्टी बघायच्या आहेत, आत जाणाऱ्या हवेचं तापमान आणि वाटेत पडणारा दाब.

तापमानासाठी ईएलएम३२७ प्रकारचा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर (गाडीच्या डायग्नोस्टिक सॉकेटला लावायचा) आणि मोबाइलवर टॉर्क किंवा कार स्कॅनर ॲप पुरेसं आहे. त्यात ‘इंटेक एअर टेंपरेचर’ लावा. ट्रॅफिकमध्ये, मग ६०–८०च्या वेगाने पाच-दहा मिनिटं चालवून आकडा बघा आणि बाहेरचं तापमान वजा करा. चालत्या गाडीत फरक ५–१० अंशांच्या आत असेल तर थंड हवेच्या नावाखाली कुठलाही किट तुम्हाला फारसं काही देणार नाही. एक सावधगिरी ठेवा. सेन्सर इंटेक मॅनिफोल्डवर (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या भागावर) असेल तर तो धातूच्या उष्णतेनेही तापतो. म्हणून थांबल्यावरचा आकडा धरू नका, चालतानाचाच धरा.

दाब मोजायला पाण्याची नळी लागते. ५–६ मिमीची पारदर्शक नळी साधारण ३ मीटर घ्या. तिचा यू आकार करून लाकडी पट्टीवर बांधा, दोन्ही बाजू किमान ६० सेंमी उंच ठेवा. निम्म्यापर्यंत रंगीत पाणी भरा. एक टोक उघडं ठेवा, दुसरं फिल्टरनंतरच्या बाजूला, म्हणजे डब्याच्या झाकणाला छोटं निपल बसवून जोडा. मूळ झाकणाला भोक पाडायची इच्छा नसेल तर भंगारातून जुनं झाकण आणा. शेजारी बसलेल्याने नळी धरायची. मोकळ्या सरळ रस्त्यावर, वेगमर्यादेत राहून, दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन ५५००–६००० आरपीएमपर्यंत न्या आणि दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीतला फरक वाचून घ्या. १० सेंमी पाणी म्हणजे जवळपास १ किलोपास्कल, म्हणजेच हवेच्या दाबाचा साधारण १ टक्का. समजा फरक २० सेंमी आला. याचा अर्थ जगातला सगळ्यात मोकळा इंटेक बसवला तरी तुम्हाला २ टक्क्यांच्या आसपासच हाती लागणार. तुमच्या इंजिनाची पॉवर ८३ पीएस, ६००० आरपीएमला. २ टक्के म्हणजे दीड-पावणेदोन पीएस. किटच्या खोक्यावर १० पीएस छापलं असेल तर या गणितात ते कुठे बसतं ते विकणाऱ्याला विचारा. तोच प्रयोग निपल फिल्टरच्या आधीच्या बाजूला लावून केला की अडथळा फिल्टरचा आहे की नळकांड्याचा, तेही कळतं. मळलेला कागदी फिल्टर असेल तर आधी काही शे रुपयांचा नवा टाकून पुन्हा मोजा. बऱ्याचदा गोष्ट इथेच संपते.

ॲव्हरेजचा प्रश्न लवकर सुटतो. साध्या चालवण्यात थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप) अर्धवट बंद असतो आणि हवेची खरी अडवणूक तिथेच होते. फिल्टर थोडा मोकळा केला तर तुमचा पाय थ्रॉटल तेवढाच कमी उघडतो, इतकंच. पेट्रोल गाडीत ॲव्हरेजसाठी इंटेक बदलू नका.

किट निवडण्याआधी तुमच्या इंजिनात हवा कशी मोजली जाते ते ओळखा. फिल्टर बॉक्सच्या तोंडावर किंवा त्यापुढच्या पाइपवर कनेक्टर असतो. दोनच वायर असतील तर तो फक्त तापमान सेन्सर. तीन ते पाच वायर असतील तर बहुधा मॅफ, म्हणजे हवेचं वस्तुमान मोजणारा सेन्सर. मॅफ असेल तर पाइपचा व्यास हा जीव की प्राण. सेन्सर पाइपच्या मधल्या छोट्या भागातला प्रवाह बघतो आणि ईसीयू मूळ व्यास धरून एकूण हवा काढतो. ६० मिमीच्या जागी ७० मिमीचा पाइप आला तर क्षेत्रफळ ३६ टक्क्यांनी वाढतं, तेवढ्याच हवेचा वेग पडतो आणि ईसीयूला हवा कमी वाटते. पेट्रोल कमी पडतं, मिश्रण लीन होतं. फ्युएल ट्रिम (ईसीयूने केलेली पेट्रोलची दुरुस्ती) काही प्रमाणात भरपाई करतो, त्याची मर्यादा संपली की पी०१७१ कोड येऊन चेक इंजिन दिवा लागतो. पूर्ण ॲक्सिलरेटरवर तर ही भरपाई पुरेशी होतेच असं नाही, आणि लीन मिश्रणाचा सगळ्यात जास्त धोका तिथेच. मॅफऐवजी मॅप सेन्सर, म्हणजे मॅनिफोल्डचा दाब बघणारा, असेल तर व्यासाची अडचण एवढी नाही.

किटमध्ये मी काय बघेन ते सांगतो. फिल्टरभोवती सगळ्या बाजूंनी बंद डबा हवा. नुसता तीन बाजूंचा पत्रा म्हणजे उष्णतारोधक नव्हे, बोनेट बंद केल्यावर कडेचं रबर बोनेटला टेकून जागा बंद व्हायला हवी. डब्यात हवा कंपनीच्याच नळकांड्यातून किंवा तेवढ्याच उंचीवरून आली पाहिजे. तापमान सेन्सरसाठी नेमका ग्रोमेट (रबरी कडं) आणि ब्रीदर नळीसाठी (इंजिनाच्या पोटातली हवा-वाफ नेणाऱ्या) नेमक्या मापाचं निपल किटसोबत हवं, ‘ॲडजस्ट होईल’ हे उत्तर चालवून घेऊ नका. ॲल्युमिनियमचा पाइप तापतो आणि प्लास्टिकचा नाही, या वादात फार अडकू नका. पूर्ण वेगात तुमचं इंजिन सेकंदाला ५० लिटरहून जास्त हवा ओढतं. ६० मिमी पाइपचा अर्धा मीटर ही हवा सेकंदाच्या ३ शतांशांत पार करते. तेवढ्यात ती फारशी तापत नाही. तोंड कुठे आहे, याला पाइपच्या धातूपेक्षा कितीतरी जास्त महत्त्व.

आणि धूळ. इथे मी अजिबात तडजोड करणार नाही. फिल्टरची आयएसओ ५०११ (एअर फिल्टर तपासायचं आंतरराष्ट्रीय प्रमाण) चाचणीतली कार्यक्षमता विचारा. ९८ आणि ९९.५ टक्के हे आकडे जवळचे वाटतात, पण पहिल्यातून २ टक्के धूळ आत जाते आणि दुसऱ्यातून अर्धा टक्का, म्हणजे चौपट फरक. ही बारीक धूळ सिलिंडरची भिंत आणि रिंगा घासते. पुण्यातली बांधकामं आणि कोकणातले लाल मातीचे रस्ते दोन्ही तुमच्या वाट्याला आहेत. आकडा न देणाऱ्याचा फिल्टर सोडून द्या. बसवल्यावर हजारेक किलोमीटरनी फिल्टरनंतरचा पाइप काढून आतून पांढरं फडकं फिरवा. राखाडी किंवा तांबडी पूड लागली तर फिल्टर किंवा जोड गळतोय.

पावसाळ्याचं नीट ऐका. बंपरच्या आत किंवा चाकाच्या कमानीत खाली लोंबणारा फिल्टर थंड हवा देतो हे खरं, पण तुंबलेल्या पाण्यातून गाडी नेली की तोच पाणी ओढतो. पाणी दाबलं जात नाही, पिस्टन थांबतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन पाण्यात बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारू नका. साध्या विमा पॉलिसीत हे नुकसान सहसा धरत नाहीत, त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं ॲड-ऑन लागतं, आणि बदल विमा कंपनीला कळवलेला नसेल तर तेही अडू शकतं. फिल्टर कंपनीच्या नळकांड्याच्या तोंडाच्या खाली जाणार असेल तर तो किट महाराष्ट्रासाठी बाद समजा.

बसवताना इंजिन थंड हवं. १० नंबरच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह काढा. जुना डबा, बूच, स्क्रू सगळं जपून ठेवा. पाइप जोडात निदान २५ मिमी आत सरकवा, क्लिप कडेपासून ४–५ मिमी आत बसवा आणि हाताच्या स्क्रूड्रायव्हरनेच आवळा. जास्त आवळलं तर सिलिकॉन कापलं जातं किंवा प्लास्टिकचं थ्रॉटल तोंड तडकतं. इंजिन माउंटिंगवर हलतं, म्हणून पाइप आणि बॉडीमध्ये बोटभर जागा सोडा. ब्रीदर नळी उघडी टाकून देऊ नका. तिच्यातून धूळ थेट आत जाते. काम झाल्यावर गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक लावून आयडलवर ठेवा, फिल्टर काढा आणि पाइपच्या उघड्या तोंडावर सपाट फळी धरा. इंजिन काही सेकंदांत बंद पडलं तर सगळे जोड घट्ट आहेत. चालूच राहिलं तर कुठून तरी फिल्टर न झालेली हवा येतेय. ही परीक्षा फक्त तुमच्यासारख्या टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनावर करा, टर्बो किंवा डिझेलवर नको.

तेलाचा कॉटन फिल्टर घेतलात तर तेल लावण्यात हात आखडता ठेवा. जास्तीचं तेल मॅफच्या तारेवर बसतं आणि मापं चुकतात. धुताना पाणी आतून बाहेर आणि हलक्या धारेने सोडा, कॉम्प्रेसरची हवा मारू नका, सावलीत पूर्ण वाळल्यावरच तेल लावा. एवढं सांभाळायचा कंटाळा असेल तर दर वेळी नवा कागदी फिल्टर टाकणं हा तुमच्यासाठी जास्त चांगला मार्ग आहे.

कायद्याच्या बाजूने मोटार वाहन कायदा १९८८चं कलम ५२ आरसीतल्या नोंदींशी विसंगत होईल असा बदल करायला मनाई करतं. एअर फिल्टरची नोंद आरसीत नसते, पण पीयूसी आणि आवाजाचे नियम लागू राहतातच. गाडी वॉरंटीत असेल तर इंजिनाचा दावा नाकारला जाण्याची शक्यता आधी धरून चाला.

टर्बो गाडीचा विचार कधी केलात तर गणित थोडं बदलतं. तिथे ईसीयू ठरावीक बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) गाठतो, त्यामुळे नुसत्या इंटेकचा फारसा फायदा दिसत नाही, रीमॅप (ईसीयूची सेटिंग बदलणं) झाल्यावर मात्र मोकळ्या इंटेकला अर्थ येतो. आणि क्लिप ढिली राहिली तर धूळ थेट कॉम्प्रेसरच्या पात्यांवर जाते, म्हणून जोड दर सर्व्हिसला तपासावे लागतात.

तुमच्या स्विफ्टचं मोजमाप झालं की चालतानाचा तापमानातला फरक, पाण्याचे सेंमी आणि कनेक्टरला किती वायर आहेत, एवढे तीन आकडे इथे लिहा. त्यावरून नेमका सल्ला देता येईल.