गाडी 'चिकटून' चालावी म्हणून खाली बसवली. आता विमा कंपनी हात वर करते

प्रश्न (डिचोलीच्या एका वाचकाचा, थोडक्यात): माझी सात वर्षं जुनी सेडान ताशी 100 च्या पुढे गेली की हेलकावे खायची. गॅरेजवाल्याच्या सल्ल्याने आखूड स्प्रिंगा, रुंद अलॉय व्हील व टायर आणि डिकीवर स्पॉयलर बसवला. जुलैत कुटुंबासह पुण्याला जाताना कागलच्या पुढे पावसात गाडी घसरून दुभाजकावर आदळली. बाजूच्या दुचाकीस्वाराचा पाय मोडला. दुरुस्तीचा 3 लाख 80 हजारांचा दावा कंपनीने 'अनधिकृत बदल' म्हणून फेटाळला. दुचाकीस्वाराची भरपाई मी खिशातून भरायची का? जुन्या स्प्रिंगा घरीच आहेत, त्या परत बसवू का? माझा वेग 110 होता, दाव्याच्या अर्जात 80 लिहिलाय.

उत्तर: आधी स्प्रिंगांचं. हात लावू नका. अपघातग्रस्त गाडी हा पुरावा आहे. नुकसान तपासणाऱ्या सर्व्हेअरने फोटो काढलेले आहेत, पोलिसांचा पंचनामा झालेला आहे. आता जुन्या स्प्रिंगा चढवल्या तर तुम्ही पुरावा बदलला असा आरोप येईल, आणि तो खरा असेल.

वेगाचा आकडाही दुरुस्त करा, लेखी. एअरबॅग फुटल्या असतील तर अनेक गाड्यांत त्यांच्या कंट्रोल युनिटमध्ये टक्कर होण्याआधीच्या क्षणांचा वेग नोंदलेला राहतो. कंपनीचा माणूस तो काढू शकतो. निष्काळजीपणे चालवलं म्हणून स्वतःच्या गाडीचा दावा सहसा बुडत नाही, कारण माणसाच्या चुकांसाठीच तर हप्ता भरतो. पण अर्जात जाणूनबुजून खोटं लिहिलं हे सिद्ध झालं की बाकीचे सगळे मुद्दे गौण ठरतात. चारपदरी, दुभाजक असलेल्या रस्त्यावर मोटारीसाठी 2018 च्या केंद्रीय अधिसूचनेत कमाल वेग 100 धरला होता, द्रुतगती मार्गावर 120. वेगमर्यादा मोडल्याबद्दल मोटार वाहन कायद्याच्या कलम 183 खाली हलक्या वाहनाला एक ते दोन हजारांचा दंड होतो. तेवढ्यासाठी खोटं बोलणं परवडत नाही.

आता मुख्य गोष्ट. कंपनीने 'बदल' या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी गुंडाळल्या आहेत आणि तुम्हीही त्या तशाच घेतल्या. कलम 52 नुसार निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलांपेक्षा आरसीवरचे तपशील वेगळे ठरतील असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने के. जयचंद्र प्रकरणात हे कलम कडकपणे वाचलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम 182-अ आलं: परवानगी नसलेला भाग बसवणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. तुमच्या स्प्रिंगा या कचाट्यात सापडतील, हे मी गोड करून सांगणार नाही. पण कलम 52 मध्येच 'बदल' म्हणजे मूळ वैशिष्ट्य पालटणारा रचनेतला बदल, असं स्पष्टीकरण आहे. डिकीवरच्या स्पॉयलरने तसं काही पालटलं, हे कंपनीने पटवून द्यायला हवं. टायरांचं मधलं आहे: निर्मात्याच्या मॅन्युअलमध्ये तो आकार पर्याय म्हणून दिला असेल तर वाद संपला, नसेल तर आहे.

बेकायदा बदल आणि अपघाताचं कारण या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. पोलीस दंड करतील तो पहिल्यासाठी. दावा पूर्ण नाकारायचा तर कंपनीने दुसरी दाखवायला हवी: या बदलामुळे गाडी घसरली. इथे मी तुम्हाला सावध करतो, कारण त्यांचा इंजिनियर काय म्हणेल ते मला माहीत आहे. रुंद टायर साचलेल्या पाण्यावर अरुंद टायरपेक्षा कमी वेगातच तरंगू लागतो, खास करून नक्षी झिजलेली असेल तर. आखूड आणि कडक स्प्रिंगवर खड्ड्यातून चाक क्षणभर उचललं जातं. स्पॉयलरचा या घसरण्याशी संबंध जोडणं मात्र त्याला जड जाईल. म्हणून तीनही बदलांवर एकच उत्तर देऊ नका. प्रत्येकासाठी सर्व्हेअरकडे लेखी विचारा: हा बदल अपघाताला नेमका कसा कारणीभूत झाला? बहुतेक अहवालांत 'गाडीत फेरफार आढळला' एवढंच वाक्य असतं, कारण जोडलेलं नसतं. ती पोकळी तुमच्या बाजूची आहे.

अपघातानंतर मोटार वाहन निरीक्षकाने गाडी तपासली असेल. ब्रेक, स्टिअरिंग, टायर यांत दोष नव्हता असं त्याने लिहिलं असेल तर त्या एका कागदाचं वजन कंपनीच्या चार पत्रांपेक्षा जास्त. प्रत मिळवा.

दुसरा कागद दुधारी आहे. गाडी हेलकावे खाते अशी तक्रार तुम्ही सर्व्हिस सेंटरमध्ये नोंदवली होती का? नोंदवली असेल तर दोष तुम्हाला माहीत होता, असं कंपनी म्हणेल, आणि पॉलिसीत 'गाडी सुस्थितीत ठेवावी' अशी अट असते. पण त्याच नोंदीतून तुम्ही गाडी सुरक्षित करायला निघाला होता, शर्यतीसाठी नाही, हेही दिसतं. मी ती लपवणार नाही, आधीच पुढे ठेवेन.

तिसरं, तारखा. गॅरेजचं बिल आधीचं की पॉलिसीचं शेवटचं नूतनीकरण आधीचं? बदल नूतनीकरणानंतरचा असेल तर त्या दिवशी तुम्ही काही लपवलं नाही. बदल आधी केला आणि ऑनलाइन अर्जात 'फेरफार नाही' वर टिक केली, तर तुमची बाजू बरीच कमकुवत होते.

तरीही शून्य हा शेवट असेलच असं नाही. अमलेंदू साहू प्रकरणात (2010) खाजगी गाडी भाड्याने दिलेली होती, पॉलिसीचा भंग उघड होता, तरी सर्वोच्च न्यायालयाने अंशतः रक्कम द्यायला लावली. अटभंगात 75 टक्क्यांपर्यंत देण्याच्या विमा क्षेत्रातल्या प्रथेचा उल्लेख त्याच निकालात आहे. तुमच्या पत्रात पूर्ण रक्कम मागा, पण पर्यायी मागणी ही ठेवा.

आधी कंपनीच्या तक्रार कक्षाला लिहा. महिन्यात उत्तर नाही किंवा पुन्हा नकार, तर विमा लोकपाल. गोव्याचं काम मुंबईचं कार्यालय बघतं. फी नाही, आणि तिथे वकील चालत नाही, म्हणजे माझी गरज नाही. नकारापासून एका वर्षात जा. लोकपालाचा निर्णय कंपनीवर बंधनकारक, तुमच्यावर नाही. पटला नाही तर दोन वर्षांच्या मुदतीत पर्वरीला उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. तिथे तक्रारीचं शुल्क भरलेल्या हप्त्यावर ठरतं, त्यामुळे तुम्हाला ते लागणार नाही. एकाच वेळी दोन्ही दरवाजे मात्र ठोठावता येत नाहीत.

दुचाकीस्वाराबद्दल. कलम 166 खाली तो कोल्हापूरच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जाईल, त्याला अपघातापासून सहा महिने आहेत. नोटीस आली की गप्प बसू नका. कंपनीला कळवा आणि हजर राहा. तिसऱ्या व्यक्तीला द्यायच्या पैशांत कंपनीच्या पळवाटा कलम 150 ने मोजक्याच ठेवल्या आहेत. स्वतःच्या गाडीचा दावा फेटाळला म्हणून ती इथून सुटली असं होत नाही. महत्त्वाची माहिती लपवून पॉलिसी घेतली, हा मुद्दा ती काढू शकते. तो टिकला तरी न्यायाधिकरणं बऱ्याचदा जखमीला आधी कंपनीकडून देववतात आणि नंतर मालकाकडून वसूल करण्याची मुभा देतात. ती वसुली हा तुमचा खरा धोका आहे, म्हणून वरच्या तारखा इथेही लागू.

फौजदारी बाजू वेगळी आहे: निष्काळजी चालवणं आणि गंभीर दुखापत, भारतीय न्याय संहितेची कलमं 281 आणि 125. त्यासाठी कोल्हापूरचाच वकील करा.

गॅरेजवाल्यावर दावा? 'रस्त्याला चिकटून चालेल' हे तो तोंडी बोलला असेल तर फार आशा नको. बिलावर लिहिलं असेल, किंवा स्प्रिंग चुकीची बसवली असं तज्ज्ञ लिहून देत असेल, तर त्यालाही ग्राहक तक्रारीत सामील करा.

गाडी सुटून आली, निकालाची कामं उरकली की मूळ स्प्रिंगा आणि मूळ आकाराचे टायर बसवून रीतसर बिल घ्या. हेलकाव्यांचं मूळ बहुधा तेव्हाच शोधायला हवं होतं: सात वर्षांच्या गाडीत झिजलेले शॉक ॲब्सॉर्बर, बिघडलेलं व्हील अलाइनमेंट, पाच माणसं आणि सामान भरूनही रोजच्याच हवेवर ठेवलेले मागचे टायर. पूर्ण भारासाठी किती हवा हे ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. त्यातलं काहीही बदलायला आरटीओची परवानगी लागत नाही.