मुऱ्हाळी कोण जाणार?

*पत्र थोडक्यात असं : रावेर तालुक्यातला २६ वर्षांचा मुलगा. पुण्यात मनासारखी नोकरी लागली, पगार जवळजवळ दुप्पट. आखाजीनंतरच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरच्या, सोमवारी रुजू व्हायचंय. त्याआधी आईवडिलांना चार दिवस महाबळेश्वरला न्यायचं म्हणून त्याने खोली घेऊन ठेवली, निघायचं आखाजीच्या आदल्या दिवशी. वडील म्हणतात, "केळीले पाणी कोण देईल?" आई काहीच बोलत नाही. "यांना आनंद साजरा करताच येत नाही, कसं समजावू?" असं तो विचारतो. आणि अगदी शेवटी : "ताई शहाद्याला असते. तिलाही फोन केला होता, पण आखाजीला यंदाही जमणार नाही म्हणाली. पापड-कुरडयांची कामं आहेत म्हणे."*

बाळा, नोकरीचं अभिनंदन. मुहूर्तही चांगला साधलास. आपल्याकडे सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचं, साल आखाजीला संपतं आणि नवं साल त्याच दिवशी ठरतं. तुझंही तसंच झालं म्हणायचं.

वडिलांचं आधी उरकते. ते बरोबर आहेत. पारा पंचेचाळिसाला टेकलेला, त्यात गरम वारा, लाइट रात्रीची. अशा दिवसांत चार दिवस बाग सोडून जाणारा केळीवाला मी अजून पाहिला नाही. त्यांना समजावू नकोस, सोडून दे.

मला बोलायचंय ते तुझ्या त्या 'यंदाही'बद्दल. किती वर्षं झाली रे? दोन? तीन? तू आकडा लिहिला नाहीस. मला वाटतं, मोजलाच नसशील.

आणि फोन केलास म्हणतोस. आखाजीला लेकीला फोनवर बोलावतात का? मुऱ्हाळी जावा लागतो, म्हणजे लेकीला सासरहून आणायला माहेरचं माणूस. फोन वाजतो तेव्हा ती स्वयंपाकघरात असते, सासू शेजारी गहू निवडत बसलेली असते, आणि तू मोठ्या आवाजात विचारतोस, "ताई, येतेस का?" त्यावर ती दुसरं काय म्हणणार? कुरडया काय, घरोघरी होतात. तुझ्या आईच्या गच्चीवरही आत्ता वाळत असतील.

माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला माझा धाकटा भाऊ आला होता. चेहरा उन्हाने तांबूस, कडेला डांगर आणि पायात नवी चप्पल, तिने टाच सोललेली. ओट्यावर बसून तांब्याभर पाणी प्यायला आणि सासऱ्यांना म्हणाला, "माईने न्यायला पाठवलंय." बस, एवढंच. सोळा वर्षांचं पोर. सासऱ्यांनी आठवडाभर 'बघू, बघू' चालवलं होतं. दारात आलेल्या मुऱ्हाळ्याला तोंडावर नाही कसं म्हणणार? मी अर्ध्या तासात पिशवी भरली.

आता तुझी आई गप्प का आहे, ते सांगते. आखाजीला तू तिला घराला कुलूप लावायला सांगतोयस. घागर कोण भरेल, खापरावरच्या पोळ्या कोण करेल, हे तर आहेच. पण तिच्या मनात दुसरंच असणार : ऐन वेळी पोरीला सोडलं, ती शहाद्याहून बस बदलत बदलत आली आणि दाराला कुलूप असलं तर? हे ती तुला म्हणणार नाही. तू एवढ्या हौसेने खोली घेतलीस, तुझं मन मोडायला तिला नको असेल. (लेकाचं मन जपायची ही सवय आयांनी सोडायला हवी, पण ते पुन्हा कधीतरी.)

तू वाईट मुलगा नाहीस, ठाऊक आहे मला. पहिल्या मोठ्या पगाराआधी आईवडिलांची आठवण झाली, चांगलंच आहे. पण घरातलं चौथं माणूस तू पत्राच्या तळाशी कुरडयांबरोबर वाळत घातलंस, याचा मला राग आलाय.

तेव्हा महाबळेश्वर रद्द कर. पैसे बुडाले तर बुडू देत. आखाजीच्या दोन दिवस आधी भल्या पहाटे गाडी धर, फैजपूर, यावल, चोपडा, शिरपूर करत शहाद्याला जा. थंड हवेची फारच हौस असेल तर तोरणमाळ तिथून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर आहे. ताईला आणि भाचरं असतील तर त्यांनाही घेऊन संध्याकाळी यशवंत तलावाच्या काठी बस, भावजींनाही विचार. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन घरी ये.

निघण्याआधी तिच्या सासूबाईंना एक फोन कर. "पाठवता का?" असं विचारू नकोस. "मावशी, ताईला न्यायला येतोय," एवढंच सांग आणि त्यांच्यासाठी काय आणू ते विचार. बागेतला केळीचा एक घड बरोबर घे. आणि चप्पल जुनीच घाल.