‘अ बर्निंग’ वाचावी का? पीटी सरांसाठी तरी वाचा

तुम्ही विचारलंय की मेघा मजुमदार यांची ‘अ बर्निंग’ घ्यावी का. जिथे बघावं तिथे तिच्याबद्दल ‘अन्याय, महत्त्वाकांक्षा, वर्गभेद’ असे जाडजूड शब्द दिसतात आणि तुम्हाला निबंध नको, गोष्ट हवीये. गोष्टच आहे, काळजी नसावी. मी पहिल्या बैठकीत निम्मी संपवली आणि मग चिडून दोन दिवस बाजूला ठेवली. चीड लेखिकेची नव्हती, त्यातल्या एका माणसाची होती. त्याच्याकडे येतोच.

२०२० साली आलेली ही मजुमदार यांची पहिली कादंबरी. घडते कोलकात्यात. स्टेशनात उभ्या असलेल्या रेल्वेगाडीला हल्लेखोर आग लावतात, शंभराहून जास्त माणसं मरतात. शेजारच्या वस्तीत जीवन नावाची एक मुसलमान मुलगी राहते. दहावीनंतर शाळा सोडून कपड्यांच्या दुकानात नोकरीला लागलेली, स्वतःच्या पगारातून फोन घेतलेली, आणि त्या फोनचं भलतंच अप्रूप असलेली. पोलीस नुसते बघत उभे राहिले अशी चर्चा फेसबुकवर सुरू असते. आपल्यालाही चार लाइक मिळावेत म्हणून ही लिहून बसते की, पोलीस माणसं मरताना बघत राहिले तर सरकारही दहशतवादीच झालं ना? पुढे पोलीस दारात. हल्ल्याच्या वेळी तिच्या हातात एक पुडकं होतं, ते स्फोटकांचं ठरतं. खरं तर त्यात पुस्तकं होती. वस्तीतल्या लव्हली नावाच्या हिजड्याला ती इंग्रजी शिकवायची, तिच्यासाठी नेत होती.

फेसबुकच्या एका वाक्यावरून एवढं रामायण होईल का, असं वाटत असेल तर पालघर आठवा. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे गेल्यानंतरच्या बंदबद्दल एका मुलीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीने त्या लाइक केल्या आणि दोघींना अटक झाली. त्यात लावलेलं आयटी कायद्याचं ६६अ कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला घटनाबाह्य ठरवलं. पण पालघरमध्ये एक सोय होती: त्या चार ओळींच्या मागे कुणाचा जीव गेलेला नव्हता, त्यामुळे मुलींची बाजू घेणं लोकांना परवडलं. कादंबरीत शंभर प्रेतं पडलेली आहेत आणि कुणीतरी दोषी हवाच आहे. अशा वेळी झोपडपट्टीतली, अब्बांची सायकलरिक्षा बंद पडलेली, वकील परवडत नसलेली मुलगी किती सोयीची पडते, हे लेखिकेने फार आवाज न करता दाखवलंय.

आता पीटी सर. मला विचाराल तर कादंबरी त्यांचीच आहे, मुखपृष्ठ काहीही सांगो.

हा मुलींच्या शाळेतला कवायतीचा मास्तर. जीवन याच्याच हाताखालची. पोरगी चपळ आहे, खेळात नाव काढेल आणि घरी खायची मारामार आहे, हे त्याच्या लक्षात आलेलं असतं. तिला तो खायलाही देतो. ती मात्र दहावी झाल्यावर निरोपसुद्धा न घेता निघून जाते. तिच्या लेखी ती पोटापाण्यामागे गेली, याच्या लेखी कृतघ्न निघाली. उपकार करणाऱ्याच्या मनात हिशेबाची वही कशी उघडीच असते, ते इथे बघा. गरिबाला मदत करणारा मध्यमवर्गीय माणूस बदल्यात पैसे मागत नाही, पण कायमचं मिंधेपण मात्र मागतो.

एक दिवस घरी जाताना हा एका राजकीय सभेत डोकावतो. गर्दी, घोषणा, व्यासपीठावरची माणसं. शाळेत ज्याला कुणी विचारत नाही, त्याला इथे पहिल्यांदा आपण कशात तरी आहोत असं वाटतं. मग पक्षाचं एखादं काम, मग अजून एक. मग कोर्टात साक्ष द्यायची विनंती. आरोपी चोर आहे हे सगळ्यांना ठाऊकच आहे म्हणे, फक्त पुरावा नाही, तेव्हा तुम्ही पाहिलंत असं सांगा. मी पुस्तक मिटलं ते या ठिकाणी. माणूस खोटं बोलतो याचा राग नव्हता आला. त्याची समजूत पटण्यासारखी वाटली, म्हणून आला. चोरच आहे ना? मग बिघडलं कुठे? लाच घेताना चेहरा पडणारी माणसं आपण वाचलेली असतात. हा माणूस लाचेला समाजकार्य समजतो, आणि घरात हळूहळू चांगल्या वस्तू येऊ लागतात. जीवनच्या खटल्यात तो कुठल्या बाजूला उभा राहतो ते सांगत नाही, तुम्ही ओळखलंच असेल.

एक गोष्ट वाचताना जरूर टिपा. जीवन आणि लव्हली आपापली गोष्ट ‘मी’ म्हणून सांगतात. पीटी सरांबद्दल मात्र निवेदक सांगतो, आणि अख्ख्या पुस्तकात त्यांना नावसुद्धा नाही. ज्यांचं समाज ऐकत नाही त्यांना लेखिकेने आवाज दिला आणि कोर्टात ज्याचा शब्द चालतो त्याच्याकडून तो काढून घेतला. हा निवाडा तिने मला वाटतं जाणूनबुजून केलाय.

लव्हली ही सगळ्यात गोड. सिनेमात जायचं म्हणून अभिनयाच्या वर्गाला जाते, लोकलमध्ये टाळ्या वाजवून, आशीर्वाद देऊन पैसे मिळवते, आणि तिचं इंग्रजी सगळं ‘आय ॲम नोइंग’ थाटाचं. काहींना हे थट्टा केल्यासारखं वाटतं. मला पहिली दहा पानं खटकलं, नंतर त्या बोलीशिवाय ती डोळ्यांपुढे येईना. जीवन निर्दोष असल्याचा पुरावा लव्हलीकडे आहे, आणि नेमकी त्याच सुमारास तिला प्रसिद्धी मिळायला लागते. बस, एवढंच सांगतो.

दोष आहेत. तिघांच्या वाटा फार बेताने एकमेकींना छेदतात. खऱ्या कोलकात्यात एवढे योगायोग जुळणार नाहीत. तुरुंगात जीवन एका पत्रकाराला आपली कहाणी सांगते तो भाग मला लांबलेला वाटला, पण तिच्या गावातून कुटुंबाला कसं हुसकावलं गेलं ते तिथेच येतं, त्यामुळे गाळू नका. आणि पीटी सर ज्याच्या नादी लागतात त्या विरोधी पक्षाची पुढारी बिमला पाल कागदावरच राहते. पांढरी साडी आणि गोड बोलणं यापलीकडे ती मला दिसली नाही.

इंग्रजीची भीती असेल तर प्रकरणं छोटी आहेत, वाक्यं सरळ आहेत. फक्त मध्ये गोमांसाच्या संशयावरून एका घरावर जमाव चालून जातो तो प्रसंग आहे. त्याने झोप उडेल, दिवसा वाचा. त्या प्रसंगानंतर पीटी सर काय करतात त्यापेक्षा त्यांना वरून काय सांगितलं जातं, ते लक्ष देऊन वाचा.

वाचून झाली की पीटी सरांच्या बायकोबद्दल तुम्हाला काय वाटलं ते नक्की लिहा. आधी ती या पक्षाच्या भानगडीला नाक मुरडते, मग हळूहळू मऊ पडते. ती भाबडी की नवऱ्यापेक्षा हुशार, यावर माझं मत अजून ठरत नाहीये.