तेलावर श्रीमंत झालेल्या छोट्या देशाला आधुनिक करणारा राजा कोण? की सगळी तेलाचीच किमया?

बहुतेक जण दुबई नाहीतर ओमानचं नाव घेतील. माझं मत कुवेतचे शेख अब्दुल्ला अल-सालेम अल-सबाह यांना. १९५० ते १९६५, जेमतेम पंधरा-सोळा वर्षं गादीवर.

तेल ही त्यांची कमाई नव्हे. कुवेतमधल्या बुरगानला तेल लागलं १९३८ मध्ये आणि निर्यात सुरू झाली १९४६ मध्ये, दोन्ही त्यांच्या आधीच्या शेख अहमद यांच्या काळात. अब्दुल्लांनी १९५१ मध्ये तेल कंपनीकडून नफ्यातला निम्मा वाटा मिळवला आणि मग पैशांचा ओघ सुरू झाला. खरी परीक्षा तिथून पुढे.

तेव्हाच्या कुवेतमध्ये प्यायच्या पाण्याचीच बोंब. इराकच्या बाजूच्या शत्त-अल-अरब नदीतून गलबतं भरून पाणी आणायचं आणि शहरात ते पखालींनी दारोदार विकलं जायचं. १९५३ मध्ये समुद्राचं पाणी गोडं करणारा सरकारी कारखाना सुरू झाला. शाळा, दवाखाने तर झालेच, पण त्याच वर्षी लंडनमध्ये एक गुंतवणूक मंडळही स्थापन झालं: तेलाचा जास्तीचा पैसा बाहेर गुंतवून ठेवायला. १९९० मध्ये इराकने देश गिळला, तेव्हा परागंदा सरकार आणि नागरिक तगले ते परदेशातल्या अशाच गुंतवणुकीवर. इतका लांबचा विचार पैसा हातात खुळखुळत असताना सुचणं सोपं नाही!

जाता जाता: १९६१ पर्यंत तिथे आपला रुपया चालायचा. १९५९ पासून रिझर्व्ह बँक आखातासाठी वेगळ्या नोटा छापायची, कारण भारतातून तिथे नेलेले रुपये देऊन घेतलेलं सोनं चोरट्या मार्गाने भारतात यायचं. कुवेतचा स्वतःचा दिनार आला तेव्हा एका दिनाराला १३.३३ रुपये पडायचे. आज भाव बघा.

सगळंच गोड नव्हतं. सरकारने जुन्या शहरातल्या जमिनी चढ्या भावाने विकत घेतल्या. पैसा लोकांत गेला खरा, पण ज्याची जमीन मोठी त्याची चांदी. मातीची जुनी घरं पाडली, १९५७ मध्ये शहराची तटबंदीही गेली, फक्त वेशी राहिल्या.

तरी माझ्या लेखी त्यांचं सर्वांत मोठं काम १९६२ ची राज्यघटना. ब्रिटिशांपासून स्वतंत्र होऊन वर्ष-दीड वर्षच झालं होतं. कुणी जबरदस्ती केली नसताना या माणसाने निवडून आलेल्या सभेला मंत्र्यांना जाब विचारायचा हक्क दिला. बायकांना मत मात्र थेट २००५ मध्ये मिळालं. आणि ही सभा पुढच्या अमिरांनी (कुवेतच्या राज्यकर्त्यांनी) १९७६, १९८६ आणि २०२४ मध्ये गुंडाळली, यावरूनच तिचा त्यांना किती जाच होत असेल ते कळतं.