वाचक विचारतात : शंभरातलं सदतिसावं कार्ड

प्रश्न : दादा, मी जुळे सोलापूरला राहतो, इंजिनिअरिंगला आहे. आतेभाऊ टोरंटोत असतो, त्यानं दिवाळीला येताना अप्पर डेक कंपनीची आइस हॉकी खेळाडूंच्या कार्डांची पाकिटं आणली, त्यात एक यंग गन्स एक्स्क्लुझिव्ह (नव्या खेळाडूच्या कार्डाची मोजकी छापलेली आवृत्ती) निघालं, 37/100 नंबरचं, म्हणजे शंभर प्रतींतली सदतिसावी. आता त्याच खेळाडूची नंबरवाली कार्डं जमवायलोय. त्याच कार्डाचं 01/100 एकजण दुप्पट भावानं देतो म्हणतोय, घेऊ का? आणि ओळख ना पाळख, तिकडचे कलेक्टर मला मदत कशाला करतील?

उत्तर : नको घेऊ. शंभरच छापलीत ह्याला किंमत आहे, त्यातलं तुझं कितवं ह्याला फारशी नाही. अपवाद म्हणजे खेळाडूचा जर्सी नंबर. हॉकीपटू क्रॉसबीचा 87, मॅकडेव्हिडचा 97, त्यामुळं 'द कप' ह्या सेटमधल्या त्यांच्या 99 प्रतींच्या रूकी (पहिल्या सीझनच्या) कार्डांत 87/99 किंवा 97/99 असेल तर लोक खरंच जास्त मोजतात. पहिला आणि शेवटचा नंबर काहींना आवडतो, पण दुप्पट पैसे? तुझ्याकडं सदतीस आहे ना, मग झालं की.

यंग गन्सचं साधं कार्ड बिननंबरचं असतं, एक्स्क्लुझिव्हच्या प्रती शंभर आणि त्याच्याच हाय ग्लॉस आवृत्तीच्या फक्त दहा. एसपी ऑथेंटिक ह्या दुसऱ्या सेटमधलं नव्या खेळाडूंचं फ्यूचर वॉच सहीवालं बहुतेक 999 प्रतींचं असतं, कॉलेजच्या खिशाला सुरुवात तिथूनच बरी. कार्ड छापायच्या प्रिंटिंग प्लेटाही लोक जमवतात, त्या चार, निळी, गुलाबी, पिवळी, काळी, आणि प्रत्येक 1/1, म्हणजे एकमेव, त्यांच्या मागं आत्ताच लागू नकोस बाबा.

आता मदतीचं. नंबर असल्यामुळं प्रत्येक कार्ड ओळखता येतं, कुठलं कुणाकडं आहे ते सांगता येतं, म्हणून ह्या छंदात अनोळखी माणूससुद्धा मदत करतो. लग्नात आहेराची वही असते तशी एक एक्सेल शीट ठेव, सीझन (2015-16 असा), सेट, सेटमधला कार्ड नंबर, कुठला सिरीयल (37/100 सारखा) कुठं दिसला, फोटो, भाव. त्या खेळाडूचे जुने कलेक्टर शोध आणि त्यांना पहिल्याच मेसेजला 'विकणार का' म्हणू नकोस, आपली शीट दाखव, राहिलेले नंबर विचार. समज, हाय ग्लॉसच्या दहातले सात कुणाकुणाकडं आहेत ते कळलं की उरलेले तीनच शोधायचे, ते कदाचित अजून बंद पाकिटात पण असतील. आणि तुला त्यांच्या कामाचं एखादं कार्ड कुठं विकायला दिसलं तर लगेच कळव, असल्या बारीक गोष्टींवर तिथं नाव होतं. ह्याच शीटचा आणखी एक फायदा, एकच नंबर दोन फोटोंत असेल पण कार्डाचे कोपरे वेगवेगळे दिसले तर गडबड आहे समजायचं.

अदलाबदलीत नवखा माणूस आधी पाठवतो, म्हणजे तू, ह्यात अपमान वाटून घेऊ नकोस. पण आधी समोरच्याबरोबर व्यवहार केलेल्या दोघातिघांना विचार आणि त्याच्याकडून कार्डाशेजारी तुझ्या नावाची चिठ्ठी ठेवून फोटो माग, सिरीयल स्पष्ट दिसला पाहिजे. पार्सल आतेभावाच्या पत्त्यावर मागव, तो येताना आणेल. पोस्टानं इकडं मागवताना वर 'गिफ्ट' लिहून कस्टम ड्युटी वाचत नाही, ती सवलत 2019 च्या डिसेंबरात गेली, राख्या आणि जीवरक्षक औषधं सोडून.

प्रश्न : मुलाची चकचकीत कार्डं पावसाळ्यात वाकडी होतात, उन्हाळ्यात पुन्हा उलटी वाकतात. काय करावं? — एक आई, नवी पेठ

उत्तर : ताई, कार्डाला एका बाजूनं चमकी आणि मागं पुठ्ठा, पुठ्ठा ओल धरतो, चमकी धरत नाही, म्हणून वाकतं. आपल्याकडं मे महिन्यात हवा कोरडी ठक्क आणि जुलैत दमट, त्यामुळं दोन्हीकडून मार. आधी पातळ प्लास्टिक स्लीव्ह, मग टॉपलोडर (वरून कार्ड सरकवायचं कडक प्लास्टिकचं कव्हर), आणि सगळं झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात, घराच्या आतल्या भिंतीच्या कपाटात. पत्र्याखालच्या खोलीत नको. सिलिका जेलची एखादी पुडी पुरे, मूठभर टाकली तर उलट्या बाजूला वाकतील. थोडंसं वाकलेलं कार्ड स्लीव्हमध्ये घालून जाड पुस्तकांखाली काही दिवस ठेवा, बऱ्यापैकी सरळ होतं. इस्त्री मात्र फिरवू नका, चमकी सुटून येईल.