सात महिने थेंब नाही, तरी धास्ती का वाटते?

"सात महिने झाले, यांनी थेंब घेतलेला नाही. पण घरात पुन्हा पहिल्यासारखं वाटायला लागलंय. मी उगाच संशय घेतेय का?" दारू सोडलेल्या नवऱ्याच्या फॉलोअपला माझ्याकडे एकट्या आलेल्या बायका हे हमखास विचारतात. या बाईंचा नवरा वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

काय काय बदललं ते क्रमाने सांगायला लावलं. आधी ओव्हरटाइममुळे गुरुवारची एएची (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा एकमेकांना आधार देणारा गट) मीटिंग बुडाली. ओव्हरटाइम संपला, मीटिंग बुडतच राहिली. मग डबा अर्धा परत यायला लागला, रात्री एक-दीडपर्यंत मोबाइल, मुलाच्या मार्कांवरून आदळआपट. पुढे जुन्या मित्रांच्या आठवणी. मागच्या आठवड्यात एटीएम कार्ड परत मागितलं आणि "बिअर म्हणजे काय दारू नव्हे" हेही ऐकवलं. आता मेहुण्याच्या हळदीला जायचं चाललंय.

रिलॅप्स, म्हणजे पुन्हा व्यसनाकडे घसरणं, सुरू झालाय, ग्लास तेवढा हातात यायचा राहिलाय. आधी दिनक्रम आणि मन बिघडतं, मग डोक्यात 'घेऊ की नको' सुरू होतं, पिणं सगळ्यात शेवटी. पहिल्या टप्प्यात पिण्याचा विचारही आलेला नसतो. म्हणून "प्यायचंय का?" विचारलं की माणूस मनापासून चिडतो, बायकोला वाटतं लपवतोय, आणि भांडणातून पिण्याला आयतं निमित्त मिळतं. तोंडाचा वास घेणं, खिसे तपासणं यानेही तेच होतं.

"गोळी?" "घेतात की, मीच हातावर ठेवते." हातावर ठेवलेली डायसल्फिरामची (दारूपासून लांब ठेवणारी, तिच्यावर दारू गेली की त्रास होतो) गोळी गालात राहू शकते. ती त्याच्या संमतीने, पाण्यात विरघळवून, समोर प्यायची. वरणात-चहात चोरून कधीच घालायची नाही. त्यावर नकळत दारू गेली तर चेहरा लालबुंद होतो, धडधडतं, उलट्या होतात, बीपी कोसळून जिवावर बेततं. गोळी थांबवल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो.

पुढच्या वेळी दोघांना बोलावलं. मागच्या वेळी घसरण्याआधी काय काय झालं होतं, ते नवऱ्यानेच वहीत लिहिलं. ठरलं असं: त्यातल्या दोन गोष्टी एकाच आठवड्यात दिसल्या की बायकोने "वहीतली दोन दिसतायत" एवढंच म्हणायचं, आणि त्याने त्याच दिवशी स्पॉन्सरला (एएमधला त्याचा जुना, अनुभवी सोबती) फोन करायचा. तलफ आलीच तर जागा सोडायची, पोटात काहीतरी ढकलायचं, फोन लावायचा. बहुतेकदा अर्ध्या तासात ती ओसरते. रिकाम्या पोटी, थकून शिफ्टवरून येताना ती जास्त छळते, म्हणून डब्याकडे लक्ष.

एक घोट गेलाच तर त्याच दिवशी कळवायचं. 14446 ही व्यसनमुक्तीची मोफत राष्ट्रीय हेल्पलाइनही आहे. सलग काही दिवस पिणं झालं असेल तर घरीच एकदम थांबवू नये. फिट येऊ शकते, हॉस्पिटलच गाठावं.

हळदीला तो गेला नाही. दुसऱ्या दिवशी दोघं लग्नाला गेले, आहेर केला, जेवून चारला घरी. डबा मात्र अजून अर्धाच परत येतो, म्हणून फॉलोअप महिन्याऐवजी आठवड्याला ठेवलाय.